हिंगमिरे साहेबांची घटपर्णी

हिंगमिरे साहेबांच्या घरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' अशी चिठ्ठी होती. इथवर ठीक आहे. साखरेच्या बरणीवर 'साखर (मीठ नव्हे)' अशी होती. पंख्याच्या बटणावर 'पंखा', दाराच्या आतल्या बाजूला 'बाहेर', आणि शोभावहिनी सांगायच्या की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात यांनी त्यांच्या कपाटावर 'शोभा' असं लिहून ठेवलं होतं. "कपाळावर लिहिलं नाही हेच माझं नशीब," असं म्हणून त्या पुन्हा पोळ्यांकडे वळायच्या.

हे साहेब आमच्या कंपनीत क्वालिटीचे प्रमुख. कंपनी चाकणला. गाड्यांच्या दारांना काळ्या चकचकीत मुठी असतात ना, त्या आम्ही बनवतो. मी साहेबांच्या हाताखाली कागदपत्रं सांभाळायचे, म्हणजे ते बोलायचे आणि मी टाइप करायचे. त्यात दैव असं, की मोशीला आम्ही फ्लॅट घेतला त्याच सोसायटीत, बरोब्बर आमच्या वरच्या मजल्यावर ते राहायला आले. कंपनीच्या बसलाही माझ्या पुढच्या सीटवर तेच. म्हणजे आठ तास समोर, दोन तास पुढं आणि उरलेला वेळ डोक्यावर. हा माणूस विसरणं मला जमलेलं नाही, आणि मी प्रयत्न करून पाहिलेला आहे.

मूळचे उदगीरकडचे. तीस वर्षं इकडं काढून भाषेला पुण्याची इस्त्री केलेली, पण चिडले की इस्त्री मोडायची आणि "काय करायलास?" असं खणखणीत बाहेर पडायचं. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम : काळा मार्कर, भिंग आणि लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मालाचा संशय आला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची, वर 'होल्ड' लिहायचं, खाली कारण लिहायचं. मग तो माल जागचा हलवायचा नाही. आणि ज्यानं चिठ्ठी बांधली त्यानंच ती सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा साहेबांचा स्वतःचा नियम. एकदा त्यांनी कॅन्टीनमधल्या इडलीच्या ताटाला लाल चिठ्ठी बांधली आणि मीटिंगला निघून गेले. इडल्या संध्याकाळपर्यंत टेबलावर बसून होत्या. आम्ही वडापाव खाल्ला.

आता क्वालिटीवाल्यांची एक पद्धत आहे. काही बिघडलं की 'का?' असं पाचदा विचारायचं, म्हणजे मुळापर्यंत पोचता येतं. कारणांचे चार रकाने असतात : माणूस, मशीन, माल आणि पद्धत. ते माशाच्या काट्यासारखे काढायचे. साहेबांच्या माशाला मात्र एकच काटा होता. दुसऱ्या 'का'लाच त्यांना माणूस सापडायचा आणि मग उरलेले तीन 'का' ते त्या माणसावर ओरडण्यासाठी वापरायचे. "कारण शोधा, मॅडम. कारण सापडलं की माणूस सापडतोच," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा सोसायटीची लिफ्ट मधेच बंद पडली आणि साहेब आत. फटीतून त्यांनी वॉचमनची चौकशी सुरू केली. लिफ्ट का थांबली? लाइट गेली म्हणून. मग जनरेटर का नाही लावला? डिझेल संपलं म्हणून. का संपलं? वॉचमन बिचारा फटीला तोंड लावून उत्तरं देत उभा. लाइट आली, लिफ्ट खाली आली, दार उघडलं आणि साहेब बाहेर पडत म्हणाले, "मूळ कारण : वॉचमन." अख्ख्या मोशीची लाइट गेली होती, पण ते जाऊ दे.

तीस वर्षांत त्यांचा एकही रिपोर्ट पुन्हा उघडावा लागला नव्हता. हे मला ठाऊक आहे कारण बसमध्ये ते रोज सांगायचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि निरोपाच्या दिवशी कंपनीकडून 'शून्य चूक' अशी ढाल मिळणार याचीही त्यांनी खात्री करून घेतली होती.

आणि नेमके तेव्हाच मुठींवर डाग यायला लागले. पांढरट, मसुराएवढे. कस्टमरनं अख्खा ट्रक परत पाठवला. साहेब भिंग घेऊन लाइनवर गेले. मागं वही घेऊन मी.

आमच्याकडं मुठी आकड्यांना लटकवून रंगाआधी टाकीत धुतात. मुठी आकड्यांना लावायचं काम अलकाताईंचं. चाकणच्या शेजारच्या गावातल्या. घरी शेती, इकडं कंपनी, दोन्ही सांभाळणाऱ्या. नऊ वर्षं ठेकेदाराकडून कामाला. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. त्या वर्षी पहिल्यांदाच काही बायकांना कंपनीत कायम करायचं ठरलं होतं. यादी दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी वर जाणार होती, आणि यादीत पहिलं नाव अलकाताईंचं होतं. त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. गावदेवीला नारळसुद्धा बोलला होता.

साहेबांनी विचारलं, "डाग का?" मग लगेच, "मुठीला हात कोणाचा लागतो?" अलकाताईंचा. झालं! दुसऱ्या 'का'ला माणूस हजर.

"हाताचा घाम आहे हा," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब." अलकाताईंनी हातमोजा काढला आणि हात पुढं केला. "कोरडा हाय. बगा की."

साहेब वहीत बघत होते.

"हात लागतो वर, आकड्यापाशी," त्या म्हणाल्या. "आन् डाग हायेत खाली, टोकाला. थेंब जितं लोंबतो तितं. आन् हाताचा डाग आसता तर पुसल्यावं गेला आसता. ह्यो जात न्हाई."

"तुम्हाला विचारलं का मी? काय करायलीस तू हितं, काम का इन्स्पेक्शन?" साहेबांची इस्त्री मोडली होती.

पुढं केलेला तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग अलकाताईंनी मोजा चढवला.

केबिनमध्ये येऊन साहेबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. 'मूळ कारण : माणूस. संबंधित कामगाराच्या हाताला घाम येतो. उपाय : कामगारास लाइनवरून हटवले.' खाली अलकाताईंचं नाव. लाज वाटली का? वाटली. बोटं थांबली का? नाही थांबली. कस्टमरला रिपोर्ट गेला, त्यानं तो बंद केला, अलकाताई पॅकिंगला खोके दुमडायला गेल्या आणि यादीतलं पहिलं नाव खोडलं गेलं. साहेबांनी त्या दिवशी बसमध्ये लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी साहेबांचा फोन. "मॅडम, प्लँटवर डाग आलेत."

"आज तर सुट्टी आहे, साहेब. लाइन कुणी चालू केली?"

"त्या प्लँटवर नाही हो. आमच्या प्लँटवर. वर या. वही आणा."

रविवार, सकाळ, वही. पण गेले. साहेबांची मुलगी मृणाल बंगळूरला असते. तिनं वडिलांना वाढदिवसाला एक झाड दिलं होतं, घटपर्णी. पानाच्या टोकाला लांब दांडी, दांडीला झाकणवाला छोटा तांब्या. तांब्यात रस. माशी त्यात वाकून बघते, घसरते, आणि झाड तिला जिरवून टाकतं. चूक करणाऱ्याला क्षमा नाही, तेव्हा साहेबांचं त्या झाडाशी पहिल्या दिवसापासून जमलं. मुलीनं बजावलं होतं, "बाबा, हिला खत अजिबात नाही. नळाचं पाणी नाही, बोअरचं तर नाहीच. पावसाचं, नाहीतर आरओचं." साहेबांनी लगेच सूचनापत्रक करून भिंतीवर डकवलं : 'घटपर्णी. फक्त आरओचे पाणी. पाणी घालण्याचा अधिकार : हिंगमिरे.'

गॅलरीत बघते तर काय, झाडाच्या देठाला लाल चिठ्ठी! 'होल्ड.' पानांवर तांबूस-काळे ठिपके, टोकं करपल्यासारखी, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती मार्करनं गोल. फ्रिजवर माशाचा काटा काढून चिकटवलेला. 'माणूस' या काट्यावर तीन नावं होती. शोभावहिनी, कारण त्या फोडणी देतात. कामवाली मंगल, कारण ती फिनेल वापरते. आणि पाचव्या मजल्यावरचे आजोबा, कारण ते चटई झटकतात. वहिनींना आदल्या दिवशी 'फोडणी देताना गॅलरीचे दार बंद ठेवणे' असं अर्ध्या तासाचं ट्रेनिंग देऊन झालं होतं, हजेरीपटावर सहीसकट.

"सही केली मी," वहिनी मला म्हणाल्या. "म्हटलं, बिनफोडणीची आमटी पण तुम्हीच खा आता."

पण खोटं कशाला बोलू, त्या सकाळी साहेबांचं डोकं मी पहिल्यांदा खरं चालताना पाहिलं. ते मार्करचे गोल वेडेपणाचे नव्हते. बुरशी असेल तर ठिपका वाढतो, कडेला पिवळं ओलसर कडं येतं आणि तो गोलाबाहेर जातो. आठ दिवसांत एकही ठिपका गोलाबाहेर गेला नव्हता. म्हणजे बुरशी नाही. भिंगानं पानं पालथी करून पाहिली. कीड नाही. उन्हानं भाजलं म्हणावं, तर भिंतीकडची पानंही तशीच. त्यांनी माशाच्या काट्यावरची तिन्ही नावं स्वतः खोडली. तिसऱ्या 'का'ला ते पोचले होते, आणि समोर ओरडायला माणूस नव्हता. मला फार बरं वाटलं.

"डाग टोकाला जास्त आहेत," ते पुटपुटले. "मी रोज सकाळी फवारा मारतो. पाणी पानावरून ओघळतं, टोकाला येतं. थेंब जिथं लोंबतो तिथं..."

ते वाक्य कुणाचं, हे मला कळलं. त्यांनाही कळलं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं.

मग त्यांनी कुंडीत मातीऐवजी भरलेल्या शेवाळावर आलेली पांढरी खपली बोटानं खरवडली, आणि देवाशपथ, जिभेला लावली. "खारट."

"बादलीलाही बसते ती पांढरी," वहिनी आतून म्हणाल्या. "दर आठवड्याला लिंबू लावून घासते मी."

"कोणत्या बादलीला?"

"तुमच्याच. 'आरओ पाणी' लिहिलंय ती."

आता हे कुठल्याही शहाण्या माणसाला माहीत असतं. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनमधून दोन पाणी निघतात. एक गोडं, प्यायचं. आणि दुसरं, बारीक नळीतून, सगळा क्षार घेऊन बाहेर पडणारं, टाकाऊ. ते आम्ही बायका बादलीत धरतो आणि फरशी पुसतो. साहेबांनीही बचत म्हणून ती नळी बादलीत सोडली होती आणि सवयीप्रमाणं बादलीवर लिहिलं होतं, 'आरओ पाणी'. तेच सकाळ-संध्याकाळ झाडाला. नळाचं पाणी परवडलं असतं, त्याच्याहून वाईट पाणी तीन महिने! पण चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं, आणि चिठ्ठी साहेबांच्या अक्षरात असल्यामुळं ती चुकीची असणं शक्य नव्हतं.

साहेब बादलीकडं बघत राहिले. चौथा 'का' त्यांनी विचारलाच नाही. "मॅडम, तुम्ही या आता," एवढंच म्हणाले.

सोमवारी बसमधून उतरल्या उतरल्या ते केबिनला न जाता थेट धुण्याच्या टाकीकडं गेले. पाण्यातला क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर असतं, ते टाकीत बुडवलं. आकडा चढला. मीटर झटकलं, रुमालानं पुसलं, पुन्हा बुडवलं. तोच. रोज हा आकडा घेतला जायचा, पण तो आमच्या मोठ्या आरओ मशीनच्या तोंडाशी. टाकीत मीटर कुणी घातलंच नव्हतं. कागदावर रोजची सही साहेबांची. मागं जाऊन आम्ही बघतो तर दोन निळे पाइप शेजारी शेजारी. एक चांगल्या पाण्याचा, दुसरा टाकाऊ पाण्याचा, संडासाकडं जाणारा. गेल्या स्वच्छता मोहिमेत साहेबांनी सगळ्या पाइपांना नावं दिली होती. दोन्हीवर ठळक, सुंदर अक्षरात एकच शब्द : 'आरओ'. मेन्टेनन्सवाल्यांनी मधे गळती काढताना नाव वाचलं आणि जोडून टाकलं. म्हणजे मुठी टाकाऊ पाण्यात धुतल्या जात होत्या, आणि आमच्या संडासात चाकणमधलं सर्वांत शुद्ध पाणी.

जेवणाच्या सुट्टीआधी पाइप बदलला. दुसऱ्या दिवसापासून डाग बंद. आणि साहेबांनी काय केलं? काही नाही! मंगळवार गेला, बुधवार गेला. पलीकडं अलकाताई खोके दुमडत होत्या. बसमध्ये मी विचारलंच, "साहेब, तो रिपोर्ट?"

"कस्टमरनं बंद केलाय. बंद रिपोर्ट उघडत नसतात."

"आणि अलकाताई? परवा यादी जाणार."

"येईल की पुढच्या वर्षी नाव. चार महिने राहिलेत माझे, मॅडम. समजून घ्या."

असा संताप आला मला. नऊ वर्षं त्या बाईनं वाट पाहिली ती चालते, आणि याला चार महिने खाली मान घालवत नाही! पण साहेबाला तोंडावर बोलायची माझी छाती नाही. तेव्हा मी ते केलं जे खालच्या मजल्यावरची बाई करू शकते. संध्याकाळी जिन्यात शोभावहिनींना गाठून सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन वर गेल्या.

गुरुवारी सकाळी साहेब बसस्टॉपवर आले. हातात डब्याची पिशवी आणि पिशवीच्या बंदाला लाल चिठ्ठी. बसमधल्या सगळ्यांनी वाचली. वहिनींचं गोल गोल अक्षर होतं. 'होल्ड. कारण : माणूस.'

साहेबांनी ती बसमध्ये चढल्यावरच पाहिली. हात चिठ्ठीपर्यंत गेला आणि थांबला. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. मोशीपासून चाकणपर्यंत ते पिशवी मांडीवर घेऊन बसून होते. 'शून्य चूक'चा विषय त्या दिवशी निघाला नाही. मागच्या सीटवरून कुणीतरी "कामून गप आहेत आज साहेब?" असं त्यांच्याच भाषेत विचारलं.

केबिनमध्ये आल्यावर म्हणाले, "मॅडम, तो रिपोर्ट उघडा."

उघडला.

"लिहा. मूळ कारण : माणूस."

"नाव?"

"नाव लिहायची पद्धत नाही आपल्याकडं."

"अलकाताईंचं लिहिलं होतं, साहेब." हे मी बोलले.

ते उठले, माझ्या बाजूला आले आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढला. त्यांना टाइप करता येत नाही. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. एकदा स्पेलिंग चुकलं, ते खोडून पुन्हा लिहिलं. पुढं मला म्हणाले, "आता टाका. दोन पाइपांना एकच नाव दिले. टाकीतले पाणी तपासले नाही. कामगाराने दाखवले, ते ऐकले नाही." मग "हातही बघितला नाही, ते टाका. नको, राहू द्या, त्याला रकाना नाही."

प्लँट हेडच्या काचेच्या खोलीत जे झालं ते सगळ्या ऑफिसनं ऐकलं. "रिटायरमेंटला आलात आणि हे काय काढलंत, हिंगमिरे? पाइप बदललात ना? मग झालं की!" साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा कॉलर घामानं भिजलेली होती. पुढच्या आठवड्यात कस्टमरची माणसं येऊन तीन दिवस आमची सालं काढून गेली. ढाल रद्द झाली. पण रिपोर्ट उघडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, यादी गेली त्यात अलकाताईंचं नाव होतं, आणि पहिलंच होतं. तेवढं मी स्वतः टाइप केलं. दोनदा तपासलं.

घटपर्णीही वाचली. चार-पाच वेळा गोड्या पाण्यानं कुंडी धुऊन काढली, शेवाळ बदललं, फार खराब पानं स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापली आणि फवारा बंद केला. जुन्या पानांवरचे ठिपके तसेच राहिले, ते जात नसतात. नवी पानं मात्र स्वच्छ आली. बादलीवर आता 'टाकाऊ (आरओ नव्हे)' असं लिहिलेलं आहे. माणूस सुधारतो, पण मर्यादेत.

निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणं झाल्यावर साहेब शेवटचे लाइनवर गेले. सवयीनं मीही वही घेऊन मागं. अलकाताई नव्या करड्या युनिफॉर्ममध्ये, कायम झालेल्यांच्या, मुठी लटकवत होत्या. साहेब समोर उभे राहिले. "अलकाबाई, ते... त्या वेळी मी..."

अलकाताईंनी वाट पाहिली. मग पुढं काही येत नाही असं बघून त्यांनी मोजा काढला, एक तयार मूठ घेतली आणि त्या काळ्या चकचकीत मुठीवर पंजा दाबून धरला. उचलला. मुठीवर काही नव्हतं.

"कोरडा हाय, साहेब. तवा बगितला न्हाई तुमी."

"हो," साहेब म्हणाले.

"आता तुमचा ठिवा."

साहेबांनी हात ठेवला. उचलला. काळ्या मुठीवर पाच बोटं, ओली, स्पष्ट, एकेक रेघ दिसावी अशी. लाइनवरच्या बायका तोंडाला हात लावून हसल्या. मीही हसले. साहेबांनी खिशातलं भिंग काढायला हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

अलकाताईंनी कमरेचं फडकं ओढलं आणि मूठ पुसली. उजेडात धरून एकदा फिरवून पाहिली.

"हाताचा व्हता," त्या म्हणाल्या. "गेला बगा." आणि मूठ आकड्याला लावली.